पहिली किक मारण्याआधी

वर्धा जिल्ह्यातल्या किती तरी घरांत, पडवीच्या कोपऱ्यात किंवा कडब्याच्या शेडखाली, एक जुनी मोटरसायकल उभी असते. अंगावर विटलेली सतरंजी नाही तर खताच्या पोत्यांचे शिवलेले पांघरूण. टाकीवर बोटभर धूळ, चाकांत हवा नाही. कोणाची जावा, कोणाची येझदी, कोणाची राजदूत. ज्यांनी ती हौसेने चालवली ते आता थकलेले तरी असतात, नाही तर हयात नसतात. भंगारवाला अधूनमधून फाटकाशी उभा राहून विचारतो, "कायले ठेवता जी हे लोखंड?" घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. विकवत नाही, आणि ठेवून करायचे काय तेही कळत नाही.

मग दिवाळीला किंवा मे महिन्याच्या सुटीत मुलगा, नाही तर पुतण्या, पुण्याहून येतो. त्याला एकदम उमाळा येतो. गाडी अंगणात ओढतो, बाटलीभर पेट्रोल ओततो आणि किकवर किक मारू लागतो. मैत्रिणींनो, अशा वेळी खुशाल पुढे व्हा आणि त्याला थांबवा. इतकी वर्षे बंद राहून इंजिन जेवढे बिघडत नाही, तेवढे या दहा मिनिटांच्या घाईने बिघडते.

"यात बायकांना काय कळतं?" असे कोणी म्हणेलच. पण जुनी गाडी पहिल्यांदा सुरू करण्याची तयारी म्हणजे तरी काय? भिजत घालणे, गाळणे, धुणे, उन्हात वाळवणे, मापाने मिसळणे आणि वाट पाहणे. यातले कोणते काम आपण रोज करीत नाही? पाने-पकडी मिस्त्रीच्या हातात असू द्या; काम कोणत्या क्रमाने व्हावे, हे मात्र आपल्याला ठाऊक हवे.

या गाड्या आल्या कुठून?

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. भारतात ती १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत तयार होऊ लागली. १९७३ पासून तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ घडण पोलंडच्या गाडीची. दुधाचे कॅन लावून रोज गाव ते शहर करणारी राजदूत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटातली ती छोटी गाडीही राजदूतच. लोक तिला पुढे 'बॉबी' याच नावाने ओळखू लागले.

दुचाकीशी आपल्या वर्ध्याचे नाते तर त्याहून जवळचे आहे. जमनालाल बजाज वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घरी दत्तक आले. जमनालालजी १९४२ मध्ये गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने जी कंपनी निघाली तीच पुढे बजाज ऑटो झाली. म्हणजे ज्या चेतकवर निम्म्या महाराष्ट्राने संसार वाहिला, तिच्या मुळाशी वर्ध्याच्या एका पेढीचे नाव आहे. ती जुनी चेतकही टू-स्ट्रोकच. तेव्हा कोणाच्या घरी मोटरसायकलीऐवजी जुनी स्कूटर पडून असेल, तर पुढचे बहुतेक सारे तिलाही लागू आहे.

टू-स्ट्रोक म्हणजे काय?

आजकालच्या मोटरसायकलींच्या इंजिनात ऑईल खाली साठलेले असते आणि तेच आत फिरत राहते. या जुन्या गाड्यांचे तसे नाही. त्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळतात. हे मिश्रण आधी पिस्टनखालच्या पेटीत शिरते, तिथून वर ढकलले जाते आणि जळते. जाता जाता पिस्टनला, बेअरिंगला जे काही तेल लागेल तेवढेच.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली, गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की आतले तेल ओघळून जाते आणि सिलिंडर कोरडा पडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि मग पावसाळ्याची ओल येते. त्या ओलीने कोरड्या सिलिंडरला आतून गंज धरतो. अशात जोराने किक मारली की पिस्टनच्या रिंगा त्या गंजावरून खरवडत जातात. तवा कोरडा असताना त्यावर उलथने फिरवल्यासारखेच ते. दुसरी गोष्ट, खालची पेटी हवाबंद हवी. ती बंद ठेवायला दोन बाजूंना रबरी सील असतात. ते वाळून कडक झाले की हवा आत शिरते, नाही तर गिअरबॉक्सचे ऑईल आत ओढले जाऊन जळू लागते. जुन्या गाडीचे निम्मे दुखणे या सीलमध्ये असते. त्यामुळे गाडी खूप वर्षे बंद असेल तर मिस्त्रीकडून ते बदलूनच घ्यावेत.

पहिला दिवस : नुसते बघायचे

पहिल्या दिवशी पान्याला हात लावू नये. गाडी सावलीत पण उघड्यावर घ्यावी आणि कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी. पाण्याची नळी मुळीच सोडू नये. नको तिथे पाणी शिरते.

बॅटरी असेल तर ती सर्वांत आधी काढावी. जुन्या बॅटरीचे आम्ल झिरपून खालचे पत्रे खाल्लेले असतात. हातमोजे घालून तिथे खाण्याचा सोडा आणि पाणी लावले की फेस येतो. फेस थांबला की पुसून घ्यावे.

सायलेन्सरच्या तोंडात बघायला विसरू नका. कुंभारीण माशीला मातीचे घर बांधायला ती जागा फार आवडते. कापसाच्या घरात उंदरांनी नेलेली सरकी आणि रुईचे घरटेही निघते. एअर फिल्टरच्या डब्यातही तोच प्रकार. सायलेन्सर तुंबलेला असला तर इंजिनाचा श्वासच कोंडतो, मग बाकी कितीही करा.

एक वही करावी. काय काढले, कुठून काढले, कोणत्या बाजूचे, हे लिहीत जावे. नट-बोल्टांसाठी जुना मसाल्याचा डबा घ्यावा. एका वाटीत कार्बोरेटरचे, दुसरीत टाकीचे, असे ठेवले म्हणजे शेवटी "हा कुठला उरला?" असा प्रश्न पडत नाही.

पिस्टनला तेल पाजणे

प्लग काढावा आणि त्या भोकातून दोन चहाचे चमचे टू-स्ट्रोक ऑईल आत सोडावे. भोकावर स्वच्छ फडके ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी गाडी स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने हळूहळू फिरवावे. चाकाबरोबर इंजिन फिरले, तर देव पावला म्हणायचा. असे दहा-बारा वेळा फिरवले की तेल सगळीकडे लागते.

फिरले नाही तर? जोर करू नये. किकवर उभे राहणे, गाडी ढकलत नेणे, यातले काही करू नये. पुन्हा थोडे ऑईल, त्यात थोडे डिझेल, आणि पुन्हा वाट पाहणे. चार दिवस लागतील, कधी पंधरा. रोज सकाळी चाक थोडे पुढे, थोडे मागे हलवून बघावे. लोणच्याची बरणी आपण रोज हलवतो तशी. तरीही नाहीच सुटले, तर मात्र हेड उघडावे लागते. ते काम जाणत्या मिस्त्रीचे.

टाकीचे न्हाणे

जुने पेट्रोल ओळखायला नाक पुरे. व्हार्निशसारखा उग्र वास येतो आणि रंग चहासारखा झालेला असतो. ते डब्यात काढावे आणि गॅरेजवाल्याच्या हवाली करावे. गटारात किंवा विहिरीजवळच्या मातीत ओतू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत दूरवर जाते. म्हणून हे काम अंगणातच करावे. चूल, गॅस आणि देवघरातली समई लांब हवी. जवळ वाळूची बादली भरून ठेवावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकल्यास आग पसरते.

टाकी साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन वास गेला की गंजाकडे वळावे. पेट्रोलचा कॉक काढून ते भोक बुचाने पक्के बंद करावे. एका लिटर कोमट पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम लिंबूसत्व, या मापाने टाकी भरावी आणि रात्रभर ठेवावी. गंज फार असेल तर आधी मूठभर छोटे नट टाकून टाकी खुळखुळवावी; पण टाकताना नट मोजावे आणि काढतानाही मोजावे. आंबट पाण्याचा ओघळ बाहेरच्या रंगावर येऊ देऊ नये, मूळ रंगाची चकाकी जाते.

दुसऱ्या दिवशी पाणी ओतून द्यावे, सोड्याच्या पाण्याने विसळावे, मग साध्या पाण्याने. यानंतर मात्र रेंगाळू नये. स्वच्छ झालेला पत्रा ओला राहिला की बघता बघता पुन्हा तांबूस होतो. आपले विदर्भाचे ऊन इथे कामाला येते. टाकी खडखडीत वाळली की आत थोडे टू-स्ट्रोक ऑईल फिरवून घ्यावे.

कार्बोरेटर आणि ठिणगी

कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक जेट असतो. त्याचे भोक केसाएवढे. वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा नेमका तिथे बसतो. तो काढायला सुई किंवा तार घालण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. भोक मोठे झाले की मिश्रणाचे माप कायमचे चुकते. स्वच्छ पेट्रोलमध्ये बुडवून ठेवावे, दातांच्या जुन्या ब्रशाचा एखादा केस घालावा आणि सायकलच्या पंपाने हवा मारावी. आतला पितळी फ्लोट फुटका आहे का, हे बघायची सोपी रीत म्हणजे तो वाळवून घेऊन गरम पाण्यात बुडवावा. बुडबुडे आले की समजावे, भोक आहे. पेट्रोलची रबरी नळी मात्र नवीच घ्यावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुने रबर त्यात फुगते, चिरते.

ठिणगीसाठी पॉइंट स्वच्छ हवेत. ते बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावे आणि मग कोऱ्या कागदाने पुसावे. जावा-येझदीच्या पॉइंटमधले अंतर ०.४ मिलिमीटर आणि प्लगचे सुमारे ०.६, हे फिलर गेजने मोजतात, अंदाजाने नव्हे. या गाड्यांची ठिणगी बॅटरीवर चालते. तेव्हा मेलेली बॅटरी ठेवून किक मारण्यात अर्थ नाही. गिअरबॉक्सचे जुने ऑईलही याच वेळी काढून नवे भरावे.

लिटरला चाळीस

आमच्या घरी मामंजींची येझदी त्यांच्यामागे बारा वर्षे उभी होती. ती सुरू करायची ठरली तेव्हा ऑईल किती घालायचे यावर घरात चांगलाच वाद झाला. कोणी म्हणे वीस, कोणी म्हणे पन्नास. सासूबाई ओट्यावर बसून कापूस वेचत होत्या. त्यांनी मानही वर न करता सांगितले, "लिटरले चाळीस मोजाचे. इतके वर्षं पंपावर बाटली मीच त धरत होती."

बरोबर होते ते. एका लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर, म्हणजे पंचवीसास एक. पहिल्या वेळी दोन लिटर पेट्रोल आणि ८० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल पुरते. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे टोपण त्याला उत्तम. मात्र ते पुन्हा औषधाला वापरायचे नाही. मिश्रण वेगळ्या डब्यात करून, चांगले हलवून मगच टाकीत घालावे. टाकीत आधी नुसते ऑईल ओतले तर ते तळाशी बसते आणि नेमके तेच जेटकडे जाते. दुसऱ्या कंपनीच्या गाडीला तिच्या पुस्तिकेत दिलेले माप घ्यावे.

त्याच संध्याकाळी सासूबाई आणखी एक गोष्ट बोलल्या. "विकाची का ठेवाची, बारा वर्षांत हे मले कोणी इचारलं?" घरात सगळे गप्प. मुलांनी आपसात ठरवले होते, जावयांचे मत घेतले होते, भंगारवाल्याशी भावही झाला होता. जिने पंचवीस वर्षे मागच्या सीटवर बसून, मांडीवर एक मूल आणि पिशवीत बाजार घेऊन या गाडीवर प्रवास केला, तिला विचारायचे कोणाच्या मनातच आले नव्हते.

गाडी कोणाच्या नावावर?

म्हणून थोडे कागदपत्रांविषयी. गाडीचा मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. उशीर झाला म्हणून वाट बंद होत नाही, दंड भरावा लागतो एवढेच. पत्नी वारस आहे. चालवण्याचा परवाना तिच्याजवळ नसला तरी गाडी तिच्या नावावर होऊ शकते. चालवील दुसरे कोणी. २०२१ पासून नोंदणी करतानाच वारसदाराचे नाव देऊन ठेवण्याचीही सोय झाली आहे. घरात नवी गाडी घेताना ती रकाना भरायची जागा कोरी सोडू नका.

नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हैसूरच्या येझदीचा कारखाना १९९६ मध्येच बंद झाला, तेव्हा तिथली कुठलीही जुनी येझदी घेतली तरी तिची पहिली मुदत केव्हाच उलटलेली आहे. नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, धुराची तपासणी आणि नवी सुरक्षा नंबरपाटी, हे सारे झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. पण ती घेतली की गाडी मेळावा-प्रदर्शनापुरतीच. रोज दूध घालायला नेता येत नाही. त्यामुळे गाडी रोज वापरायची की जपून ठेवायची, ते आधी ठरवावे.

आणि मग किक

गाडी मोकळ्या अंगणात, मोठ्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. बंद शेडमध्ये कधीच सुरू करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, केस बांधलेले, पायात बूट. मुले ओट्यावर. अॅक्सिलरेटरची मूठ सोडली की झटकन परत फिरते ना, ते एकदा पाहावे. ती अडकली तर इंजिन बेफाम पळेल. अशा वेळी किल्ली बंद करून चोक ओढावा किंवा हवेचे तोंड फडक्याने दाबावे.

कॉक उघडावा. कुठे ठिबकत नाही ना, पाहावे. कार्बोरेटरचा टिकलर पेट्रोल जेमतेम ओलसर दिसेपर्यंतच दाबावा. किल्ली बंद ठेवून तीन-चार किक हळूच माराव्या, म्हणजे मिश्रण आत जाते. मग किल्ली चालू. येझदी-जावाची गंमत अशी की गिअरचा आणि किकचा दांडा एकच. आत दाबून उलटा वर फिरवला की गिअरचा किक होतो. पाय पूर्ण टेकवून, एका दमात खालपर्यंत.

दहा किकांत सुरू झाली नाही तर थांबावे आणि प्लग काढून पाहावा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी नाही. नाही तर पेट्रोल फार झाले आहे. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. या एका तपासणीने निम्मे निदान होते. ठिणगी पाहायची असेल तर पेट्रोल पुसून, कॉक बंद करून आणि प्लगच्या भोकापासून लांब धरूनच.

सुरू झाली की आधी पांढरा-निळा धूर अंगण भरून टाकील. घाबरू नये, आपणच पाजलेले तेल जळते आहे. काही मिनिटांत तो विरळ होतो. पुढे पंधरा-वीस मिनिटांनीही पांढरा धूर दाटच राहिला, तर गिअरबॉक्सच्या बाजूचा सील गेला आहे असे समजावे. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटेच चालवून बंद करावी, थंड होऊ द्यावी, आणि सगळे नट पुन्हा आवळावे. त्या दिवशी फेरी मारायला निघू नये. ब्रेक, केबल आणि टायर इतकी वर्षे उन्हात तडकलेले असतात. टायरला वरून नक्षी दिसली तरी बाजूच्या रबरात चिरा असतात. ते बदलूनच गाडी फाटकाबाहेर काढावी.

एकदा जागी झालेली गाडी पुन्हा झोपू देऊ नये. पंधरवड्यातून एकदा इंजिन चांगले गरम होईल इतकी तरी चालवावी. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे, कारण इथेनॉलचे पेट्रोल हवेतले पाणी ओढून घेते आणि पावसाळ्यात तर लवकरच. आणि ती वही टाकू नका. सुरू झाल्याची तारीख, ऑईलचे माप, बदललेले भाग, सगळे त्यात असू द्या. पुढे नागपूरहून एखादा सुटा भाग आणायला कोणी निघाले की वहीत बघून नेमके काय आणायचे ते सांगता येईल.